पेटीवरचे नाव

(आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'येत्या वर्षातला जनसंपर्क आणि व्यवसाय' असा विषय मला दिला आहे. ऐकल्यावर मी आधी नाहीच म्हणालो. मी व्यवस्थापनशास्त्राचा प्राध्यापक नाही, कुठल्या कंपनीत जनसंपर्क अधिकारीही नव्हतो. रत्नागिरीत राम आळीच्या जवळ चाळीस वर्षे छापखाना चालवला, एवढीच माझी पात्रता. लग्नपत्रिका, बिलबुके, नाटकांच्या जाहिराती, निवडणुकीची पत्रके, आणि दरवर्षी जानेवारी उजाडला की आंब्याच्या पेट्यांची लेबले. पण कार्यक्रम अधिकारी म्हणाले, "लोकांना काही सांगायचे असले की सगळे तुमच्याकडेच येतात ना? मग तुम्हीच बोला." त्यावर मला उत्तर सुचले नाही.

छापखान्यात बसणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. गावात काय शिजते आहे ते त्याला चार दिवस आधी कळते. दुकान उघडायचे असेल तर पाटीचा मजकूर आधी आमच्याकडे येतो. दुकान बसायला लागले असेल तर तेही कळते, कारण शंभर बिलबुकांची ऑर्डर पंचवीसवर आलेली असते. तेव्हा येत्या वर्षाबद्दल मी जे सांगणार आहे ते या खुर्चीतून दिसलेले आहे. आंब्याबद्दल जास्त बोलेन. रत्नागिरीत धंदा म्हटले की पहिले नाव त्याचेच येते, आणि नाव कसे कमवावे आणि कसे घालवावे हे दोन्ही त्याने आम्हाला शिकवले.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

गोष्ट जुनी आहे. भौगोलिक मानांकन वगैरे शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी उच्चारत नव्हते. एप्रिलचा पहिला आठवडा. एक व्यापारी आला. पाच हजार लेबले हवी होती, तीन दिवसांत. मजकूर वहीच्या पानावर लिहून आणलेला: 'अस्सल रत्नागिरी हापूस. बागायतदाराकडून थेट आपल्या घरी.' खाली पत्ता रत्नागिरीचा आणि फोन नंबर पुण्याचा. नंबर पुण्याचा कसा, असे माझ्या मनात आले. विचारले नाही. हंगामाचे दिवस, मशीन चालू, माणूस रोख पैसे मोजतो आहे. छापून दिली.

मे महिन्यात पुण्याला मेहुणीकडे गेलो. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "भावोजी, यंदा तुमच्या रत्नागिरीच्या आंब्याला झालंय काय? वास नाही की चव नाही. मुलांनी दुसरी फोड उचलली नाही." पेटी गॅलरीत होती. लेबल माझे. नाव छापलेले नव्हते, पण त्या वर्षी माझ्या मशीनवर पिवळा रंग केसभर उजवीकडे सरकत होता. तो दोष मी झोपेतही ओळखला असता. पेटीत आंब्यांखाली पेंढा होता आणि पेंढ्याखाली वर्तमानपत्र. कानडी.

मेहुणीचे तिकडे लक्ष नव्हते. मीही काही बोललो नाही. 'पाऊस लवकर झाला यंदा' असे काहीतरी पुटपुटलो. कर्नाटकातल्या आंब्याबद्दल माझी तक्रार नाही. तोही कोणा शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेला असतो, आणि स्वतःच्या नावाने विकला तर त्याला त्याचे गिऱ्हाईक आहे. मला खटकले ते लेबल, आणि ते मी छापले होते.

परत आल्यावर मी नियम केला. हापूसचे लेबल छापायचे तर बागेचा सातबारा दाखवा, नाहीतर बागायतदाराचे पत्र आणा. पहिल्याच हंगामात लेबलांची निम्मी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, आपला छापखाना आहे की तलाठ्याचं ऑफिस?" त्याचेही खोटे नव्हते. नियम मी शंभर टक्के पाळला असे छातीठोकपणे सांगणार नाही. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे सातबारा मागताना जीभ रेटत नाही. पण तेव्हापासून 'अस्सल' हा शब्द समोर आला की मी थांबतो.

जनसंपर्क हा शब्द मोठा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच, की ज्यांच्यावर आपला धंदा चालतो त्यांच्याशी आपले बोलणे चालू असणे. मराठी मुलखाला हे नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. नांगर चांगला होता, पण शेतकऱ्याच्या मनातल्या शंकेला उत्तर मिळेपर्यंत तो पडून राहिला. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची बातमी सांगायला निघालेले ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, त्याच घरातून 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. नांगर कधी हातात न धरलेल्या घरांतूनही किर्लोस्कर हे नाव त्यामुळे ओळखीचे झाले. आज कंपन्या ज्याला ग्राहकांशी नाते म्हणतात, ते त्या काळी टपालाने चालत होते.

आमच्या जिल्ह्याने याची उलटी बाजूही पाहिली आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे तांबे शुद्धीकरणाचा कारखाना यायचा होता. बागायतदार आणि मच्छीमार उभे राहिले, काम थांबले आणि तो प्रकल्प पुढे तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. नंतर राजापूर तालुक्यात नाणारची रिफायनरी. तिच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. मग बारसू. तिथे एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी काय झाले ते सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. यात कोणाची बाजू बरोबर यावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर दोन मते आहेत, ती इथे मांडत नाही. छापखानेवाला म्हणून एवढेच म्हणेन, की अशा वेळी माहितीची पुस्तिका नेहमी शेवटी येते. आधी मोजणी येते, मग नोटीस, मग पोलीस, आणि सगळे बिघडल्यावर गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तिका. तिच्यात हसणाऱ्या मुलांचे चित्र असते आणि विहिरीच्या पाण्याचे काय होणार या प्रश्नाला उत्तर नसते. मोठ्या उद्योगांसाठी येत्या वर्षातली एकच गोष्ट सुचवायची तर मी पुस्तिकेचा क्रम बदला म्हणेन.

आता आंब्याकडे वळू.

२०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा, तो लागू झाला २००३ मध्ये, आणि देशात पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला मिळाला. या कायद्यात नाव कोणा एकाच्या मालकीचे नसते, ते त्या प्रदेशाचे असते. हापूसच्या बाबतीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरी, देवगड, केळशी इथल्या उत्पादकांच्या संस्था यांनी हे काम लावून धरले. पण अनेकांना एक गोष्ट माहीत नसते. मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप वापरता येत नाही. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. माझ्याकडे येणारे कितीतरी बागायतदार मानांकनाचे चिन्ह छापायला सांगतात आणि नोंदणी विचारली की म्हणतात, "आमची बाग कोकणातच आहे की हो!"

येत्या वर्षात मला पहिली गोष्ट दिसते ती हीच. नुसत्या नावावर माल जाणार नाही, नावाचा पुरावा मागितला जाईल. पेटीवर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड आला, तो मोबाइलने वाचला की बाग कुठली ते कळते. शेजारच्या सिंधुदुर्गात देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात एक पाऊल पुढे टाकले. पेटी सोडून प्रत्येक फळावरच क्रमांकाचा स्टिकर लावायचे ठरवले. क्रमांकाचा एक भाग वर, दुसरा स्टिकर फाडल्यावर दिसणारा. ज्याची जेवढी झाडे, त्या अंदाजाने त्याला तेवढेच स्टिकर. यातली मेख लक्षात घ्या. लेबले माझ्यासारखा कोणीही पाच हजारांच्या जागी पन्नास हजार छापून देईल. झाडांपेक्षा जास्त स्टिकर मिळत नसतील तर खोटेपणाला आपोआप माप लागते. ही पद्धत किती टिकते, स्टिकर लावायला मजुरी किती पडते, हे बघायचे आहे. माझे बागायतदार मित्र मजुरीच्या नावाने आत्ताच कुरकुरतात.

नावाचा झगडा इथेच संपत नाही. 'वलसाड हापूस' या नावाला मानांकन मिळावे म्हणून गुजरातकडून २०२३ मध्ये अर्ज झाला आणि कोकणातल्या उत्पादकांनी त्याला हरकत घेतली. या वादावर लक्ष ठेवा. दुसरीकडे आफ्रिकेतल्या मलावी देशाचा हापूस नोव्हेंबरच्या सुमाराला वाशीच्या बाजारात येतो. कोकणातून नेलेल्या काड्यांवर तिकडे कलमे बांधली, त्यांची ही फळे. मला त्यात एक गोष्ट आवडते. तो 'मलावी हापूस' म्हणूनच विकला जातो. दिवाळीच्या आगेमागे आंबा खाणारा माणूस आपण काय खातो आहोत ते जाणून पैसे मोजतो. मलावीने हे केले, ते आपल्याकडच्या व्यापाऱ्याला का जमत नाही?

पुरावा म्हणजे कागद. आणि कागदाच्या बाबतीत आपण ढिले. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती फळमाशी सापडली म्हणून. प्रक्रिया आणि तपासणी सुधारली, आणि २०१५च्या सुरुवातीला ती उठली. अमेरिकेचा दरवाजा २००७ मध्ये उघडला, तोही विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. पण मे २०२५ मध्ये काय झाले? विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतल्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या, त्या विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी आहे म्हणून. फळाला कोणी नाव ठेवले नव्हते. माल परत आणायचा तर खर्च मालापेक्षा जास्त. निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट करणे पत्करले. बिलबुकावर क्रमांक चुकला तर 'चालतंय हो' म्हणणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी आता ही गोष्ट ऐकवतो.

दुसरा बदल थेट विक्रीचा. २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी मार्चअखेर, पहिली फळे काढायच्या वेळी. बाजारांचे काही खरे नव्हते. तेव्हा बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना फोन लावले. एसटीने त्याच वर्षी मालवाहतूक सुरू केली. आयुष्यात वाशीच्या दलालाखेरीज कोणाशी व्यवहार न केलेला माणूस ठाण्यातल्या सोसायटीच्या सचिवांशी मोबाइलवर बोलू लागला. संकट गेले, सवय राहिली. आज आमच्याकडची सून किंवा कॉलेजात जाणारा मुलगा हाच घरचा जनसंपर्क अधिकारी असतो. मोहोर आला की फोटो, कैरी धरली की फोटो, अढी घातली की फोटो.

पण दलाल नको म्हणणे सोपे असते. दलाल एक काम करत होता, बागायतदाराच्या आणि खाणाऱ्याच्या मध्ये उभा राहून शिव्या खायचे. आता त्या थेट घरी येतात. आणि हापूस हे फळ असे, की त्यात साका निघतो. बाहेरून देखणे, घट्ट, वासाला उत्तम, आणि कापले की आत पांढरट, स्पंजासारखा गर. बागायतदाराला ते बाहेरून दिसत नाही, कोणालाच दिसत नाही. दापोलीच्या विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' जात काढली, तिच्यात साका होत नाही. पण लोकांना हवा असतो हापूसच. मग साक्याबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगायचे? बहुतेक जण काहीच सांगत नाहीत. तक्रार आली की 'तुम्ही उन्हात ठेवला असेल' म्हणतात.

पावसच्या बाजूचे माझ्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. त्यांनी माझ्याकडून एक चिठ्ठी छापून घेतली, प्रत्येक पेटीत टाकायला. तिच्यात साका म्हणजे काय ते पाच ओळींत लिहिले होते आणि शेवटी, 'असे फळ निघाल्यास फोटो पाठवा, फोटो नसला तरी नुसते सांगा. तेवढी फळे पुढच्या पेटीत जास्त घालू.' मी त्यांना म्हटले, अहो, गिऱ्हाइकाच्या मनात नसलेली शंका कशाला घालता? त्यात फोटो नसला तरी चालेल म्हणता, लोक लुबाडतील. ते म्हणाले, "चार जण लुबाडतील. आधी दलाल लुबाडत होताच की." त्यांना त्या हंगामात किती फळे भरून द्यावी लागली ते मी विचारले. आकडा मला वाटला त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

त्यांच्याकडेच मी आणखी एक पाहिले. गेल्या काही वर्षांत थंडी लांबते, अवेळी पाऊस येतो, मोहोरावर फुलकिडे येतात. एका वर्षी फळ फारच कमी धरले. फेब्रुवारीतच त्यांनी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला, की यंदा निम्म्या लोकांना पेटी देता येणार नाही. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस किंवा लहान मूल आहे त्यांना आधी देऊ, आगाऊ पैसे कोणी पाठवू नका. मला हे वेडेपणाचे वाटले. काही गिऱ्हाइके खरेच गेली, ती पुढच्या वर्षीही परतली नाहीत. पण बरीच थांबली. एका बाईंनी उत्तर पाठवले, की आमच्याकडे दोघेही तरुण आहेत, आमचा नंबर शेवटी लावा. तो निरोप त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. तो दाखवताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

याच्या शेजारीच दुसरे चित्र आहे. हंगामात इंटरनेटवर हापूसच्या जाहिराती येतात, आगाऊ पैसे घेतात आणि गायब होतात. फोटो कुठल्या तरी खऱ्या बागेचा चोरलेला. ज्याची बाग खरी आहे त्यालाही मग लोक विचारतात, तुम्ही खरे कशावरून? यावर एक जुना उपाय अजून चालतो. फोन उचलणे. जो हंगाम संपल्यावर जुलैतही फोन उचलतो, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या मुळावर आलेली, म्हणून जरा चिडून बोललो तर समजून घ्या. आता मजकूर यंत्र लिहिते. मागच्या हंगामात पाच निरनिराळे बागायतदार पाच मजकूर घेऊन आले. पाचही जणांच्या कागदावर कोकणची लाल माती होती, समुद्राची खारी हवा होती, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा होता आणि प्रत्येक घासात स्वर्ग होता. पाचव्याला मी म्हटले, स्वर्गाचे ठीक आहे, तुमची बाग कुठल्या वाडीत आहे ते कुठे लिहिलेय? एकाने चित्रही यंत्राकडून काढून आणले होते. आंबे देठाला द्राक्षांच्या घडासारखे लोंबत होते आणि पाने होती पेरूची. आमच्याकडच्या तिसरीतल्या पोराने हसून दाखवले असते, पण त्या भल्या माणसाला ते चित्र फार आवडले होते.

यंत्र वाईट आहे असे नाही. पत्रातले शुद्धलेखन ते माझ्यापेक्षा बरे तपासते. हिशेब मांडून देते, गिऱ्हाईक कन्नड किंवा गुजराती असेल तर त्याच्या भाषेत उत्तर लिहून देते. पण सगळ्यांचा मजकूर सारखा झाला की वाचणारा वाचणे सोडतो. येत्या वर्षात हे वाढणार आणि त्याबरोबर वाकड्यातिकड्या, पण स्वतःच्या वाक्यांची किंमतही वाढणार, असा माझा अंदाज आहे. पावसच्या त्या बागायतदारांच्या चिठ्ठीत दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी दुरुस्त करायला निघालो तर म्हणाले, राहू द्यात, मी बोलतो तसेच आहे ते.

जाहिरातीचे कायदेही कडक झाले आहेत, हे लहान व्यावसायिकांच्या गावी नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करायला केंद्रीय प्राधिकरण आले, २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. हल्ली मोबाइलवर चित्रफिती करणारी तरुण मंडळी गणपतीपुळ्याला, आरेवारेला येतात, एखाद्या घरगुती निवासात फुकट राहतात आणि 'काय सुंदर जागा!' म्हणून सांगतात. पैसे किंवा पाहुणचार घेऊन केलेली स्तुती असेल तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे सरकारने २०२३च्या जानेवारीत बजावले आहे. किती जण सांगतात ते तुम्ही पाहताच.

लेबलावरच्या शब्दांचेही तसेच. 'कार्बाइडमुक्त' असे लोक फार हौसेने छापून घेतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदीच आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. म्हणजे पेटीवर 'कार्बाइडमुक्त' लिहिणे हे दुकानावर 'आम्ही वजनात मारत नाही' अशी पाटी लावण्यासारखे झाले. 'सेंद्रिय' या शब्दाला २०१७च्या नियमांनी प्रमाणपत्राची अट घातली आहे. थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यातून सवलत आहे, पण माल दुकानात ठेवायचा तर कागद लागतो. मी विचारतो. काही रागावतात, काही 'मग नैसर्गिक लिहा' म्हणतात. नैसर्गिक म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही, गिऱ्हाइकांच्या नंबरांची. थेट विक्री करणाऱ्या प्रत्येकाकडे आज चारपाचशे घरांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे ठरले. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामासाठी तो वापरायचा, आणि माणसाने काढा म्हटले की काढायचा, असा त्याचा साधा आशय आहे. आमच्याकडे काय होते? आंब्याची यादी काजूवाल्याला दिली जाते, काजूवाला ती प्लॉट विकणाऱ्याला देतो. मग दादरच्या आजींना मे महिन्यात आंबा आणि जूनपासून वर्षभर 'समुद्र दिसणारा बंगला प्लॉट' असे निरोप येत राहतात. एका आजींनी माझ्या ओळखीच्या बागायतदाराला फोन करून सुनावले, "आंबे नकोत तुमचे, पण माझा नंबर परत द्या." नंबर परत कसा देणार! तो बिचारा अजून ते आठवून हसतो, पण त्या आजींच्या घरी त्याची पेटी पुन्हा गेली नाही.

वेळ संपत आली, अशी खूण काचेपलीकडून होते आहे. तेव्हा या आठवड्यातली एक गोष्ट सांगून थांबतो.

लेबलांचे काम आता मुलगा बघतो, मी दुपारी नुसता बसायला जातो. परवा एक तरुण आला. मुंबईची नोकरी सोडून आजोबांची सव्वाशे कलमे बघायला परतलेला. जुने लेबल घेऊन आला होता, आजोबांच्या वेळचे, बहुधा मीच छापलेले. त्यावर ठळक अक्षरांत 'अस्सल'. म्हणाला, "काका, हा शब्द काढा. त्या जागी वाडीचं नाव टाका आणि खाली 'काढणीची तारीख' असं लिहून पुढे मोकळी जागा सोडा. तारीख मी हाताने घालीन." मी म्हटले, रोज शंभर पेट्यांवर हाताने तारीख घालशील? मे महिन्यात हात दुखेल. तो म्हणाला, बहीण आहे मदतीला.

नोंदणी झालेली आहे, तिचा कागद त्याने न मागता पुढे केला. सातबाराही आणला होता. आजोबांनी बजावून पाठवले होते म्हणे, त्या छापखान्यात जातोस तर कागद घेऊन जा, म्हातारा विचारतो.

लेबलाचा नमुना तयार आहे. सोमवारी तो बघायला येणार आहे. तारखेची जागा जरा लहान झाली आहे, ती वाढवायला मुलाला सांगायचे आहे.